आतड्यातले जिवाणू आणि उडणारा खांदा

“डोळे मिचकावू नकोस.” “किती वेळा घसा खाकरशील?” टिकचा, म्हणजे वारंवार आपोआप होणाऱ्या हालचालींचा किंवा आवाजांचा, त्रास असलेल्या मुलाला हे दिवसभर ऐकावं लागतं. पण ते मुद्दाम करत नसतं. खांदा उडण्याआधी तिथे खाज सुटावी तशी अस्वस्थता दाटते, झटका बसला की क्षणभर हायसं वाटतं. शिंक दाबावी तसं ते थोडा वेळ दाबता येतं, एवढंच.

2017 मध्ये चीनमधल्या डॉक्टरांनी टूरेट सिंड्रोम (टिकचा दीर्घकाळ टिकणारा विकार) असलेल्या नऊ वर्षांच्या मुलावर वेगळाच उपचार केल्याचं प्रसिद्ध केलं. निरोगी दात्याच्या विष्ठेतले जिवाणू त्याच्या आतड्यात सोडले. टिकची तीव्रता मोजणाऱ्या 50 गुणांच्या मापावर त्याचे गुण आठ आठवड्यांत 31 वरून 5 वर आले.

किळस बाजूला ठेवली तर ही प्रक्रिया साधी आहे. विष्ठा मिठाच्या पाण्यात कालवून गाळतात, ग्लिसरॉल घालून उणे 80 अंशांवर गोठवतात आणि पुढे नळीने किंवा कॅप्सूलमधून देतात. क्लॉस्ट्रिडिओइड्स डिफिसिल या जिवाणूमुळे पुन्हा पुन्हा होणाऱ्या जुलाबांवर तिने कमाल केली आहे. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या डच चाचणीत 16 पैकी 13 रुग्ण पहिल्याच वेळी बरे झाले. नुसतं व्हँकोमायसिन हे प्रतिजैविक घेतलेल्या 13 पैकी चारच.

पण तिथे शत्रू आतड्यातच होता. टिकचा उगम मेंदूत, हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या जाळ्यात असतो. शरीरातलं सुमारे 90 टक्के सेरोटोनिन आतड्यात तयार होतं, हे वाक्य या चर्चेत हमखास येतं. मात्र ते सेरोटोनिन रक्तातून मेंदूत शिरत नाही. दुवा असलाच तर तो आतड्याला मेंदूशी जोडणारा व्हेगस चेतातंतू किंवा रोगप्रतिकारक यंत्रणेतून शोधावा लागेल.

शिवाय टिक आपणहून वाढतात, ओसरतात. सहसा पाच ते सात वर्षांच्या वयात त्या सुरू होतात, दहा-बाराव्या वर्षी जोर धरतात आणि पुढे बऱ्याच मुलांमध्ये कमी होतात. आईवडील डॉक्टरांकडे धावतात ते त्रास शिगेला पोचल्यावर, म्हणजे तो उतरणीला लागण्याच्या सुमारास. त्यामुळे तुलनेला दुसरा गट नसेल तर 31 वरून 5 ही घसरण नेमकी कशामुळे झाली, ते सांगता येत नाही. याच उपचाराच्या, 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाच मुलांवरच्या अभ्यासातही असा गट नव्हता.

धोका मात्र खरा आहे. 2019 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने इशारा दिला: एकाच दात्याच्या विष्ठेतून औषधांना न जुमानणारा ई. कोलाय दोन रुग्णांच्या शरीरात गेला आणि त्यातला एक दगावला. म्हणून काटेकोर चाचणीबाहेर कुठल्याही मुलावर हा प्रयोग होऊ नये.

हाताशी उपाय आहेच. अमेरिकेत 126 मुलांवर झालेल्या वर्तन-प्रशिक्षणाच्या चाचणीचे निष्कर्ष 2010 मध्ये प्रसिद्ध झाले. प्रशिक्षण घेतलेल्या निम्म्याहून अधिक मुलांना ठळक फायदा झाला. नुसतं समुपदेशन मिळालेल्यांत पाचातल्या एकालाही नाही. या प्रशिक्षणात, खांदा उडणार असं वाटलं की मूल कोपर बरगडीशी घट्ट दाबतं, सावकाश श्वास घेतं आणि आतली ओढ ओसरेपर्यंत हात तसाच धरून ठेवतं.