स्वतःच्या भूखंडावरील घरबांधणी आणि ठेकेदाराची विश्वासार्हता : जळगाव व धुळे जिल्ह्यांच्या संदर्भात

प्रस्तावना :

घर बांधणे ही नोकरदार कुटुंबाच्या आयुष्यात बहुधा एकदाच घडणारी गोष्ट असते. भविष्य निर्वाह निधीतून काढलेली रक्कम, बँकेचे गृहकर्ज आणि अनेक वर्षांची बचत तीत एकवटलेली असते. सदनिकांचे प्रमाण वाढले असले तरी बिनशेती भूखंड घेऊन त्यावर आपल्या गरजेप्रमाणे घर बांधण्याची ओढ जळगाव व धुळे परिसरात आजही दिसते. अशा बांधकामात मालकाची गाठ विकासकाशी नव्हे, तर ठेकेदाराशी पडते. काम अर्धवट टाकणे, ठरल्यापेक्षा हलके साहित्य वापरणे, वारंवार उचल मागणे आणि मुदत न पाळणे या तक्रारी त्यातूनच उद्भवतात. अशा वेळी मालकाला कोणते संरक्षण उपलब्ध आहे आणि ते कोणत्या टप्प्यावर खरोखर उपयोगी पडते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पारंपरिक पद्धती आणि आजचा ठेका :

खानदेशातील जुनी धाब्याची घरे गवंडी, सुतार आणि घरमालक यांच्या प्रत्यक्ष सहभागातून उभी राहत. माती, लाकूड, दगड मालक स्वतः जमवी आणि कारागीर त्याच गावातील वा पंचक्रोशीतील असे. काम बिघडले तर कारागिराची पत गावातच कमी होई. म्हणजेच विश्वासाला सामाजिक तारण होते. शहरातील आजच्या ठेक्यात हे तारण उरलेले नाही, व्यवहार मात्र पुष्कळदा तोंडी बोलीवरच होतो.

सध्या दोन पद्धती प्रामुख्याने आढळतात. पहिलीत मालक साहित्य पुरवितो आणि ठेकेदार केवळ मजुरीचा दर घेतो. दुसरीत ठेकेदार साहित्यासह प्रति चौरस फूट दराने काम घेतो. पहिल्या पद्धतीत साहित्याच्या दर्जावर मालकाचे नियंत्रण राहते, परंतु त्याला वेळ द्यावा लागतो. दुसरी पद्धत नोकरदारास सोयीची वाटते, पण ‘प्रति चौरस फूट’ या एका आकड्यात सिमेंट, लोखंड, विटा, फरशी, दारे-खिडक्या आणि नळकाम यांचा दर्जा दडलेला असतो. दोन ठेकेदारांच्या दरांतील फरक अनेकदा कार्यक्षमतेतून नव्हे, तर या दडलेल्या दर्जातून निर्माण होतो. त्यामुळे सर्वांत कमी दर हा सर्वांत स्वस्त दर असेलच असे नाही.

कायद्याची चौकट :

स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ म्हणजेच ‘रेरा’ आपल्या मदतीस येईल अशी अनेकांची समजूत असते. हा कायदा मुख्यतः विक्रीसाठी बांधकाम करणाऱ्या प्रवर्तकास लागू होतो. स्वतःच्या भूखंडावर स्वतःसाठी ठेकेदाराकडून बांधून घेतलेले घर त्याच्या कक्षेत येत नाही. महाराष्ट्र मालकी सदनिका अधिनियम, १९६३ याचाही रोख प्रवर्तकाकडून घेतल्या जाणाऱ्या सदनिकांवर आहे. त्यामुळे भूखंडधारकाला भारतीय करार अधिनियम, १८७२ आणि ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ या दोन कायद्यांचा आधार घ्यावा लागतो.

ग्राहक संरक्षण कायद्यातील ‘सेवा’ या व्याख्येत गृहबांधणीचा स्पष्ट समावेश १९९३ मध्ये करण्यात आला. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने लखनौ विकास प्राधिकरण विरुद्ध एम. के. गुप्ता या प्रकरणात गृहबांधणी ही सेवा असल्याचा निर्वाळा दिला. भूखंडधारकाच्या दृष्टीने २००८ मधील फकीरचंद गुलाटी विरुद्ध उप्पल एजन्सीज हा निकाल अधिक जवळचा आहे. दिल्लीतील एका भूखंडमालकाने बांधकाम व्यावसायिकाशी केलेल्या कराराचा तो वाद होता. जमीनमालक हा ‘ग्राहक’ ठरतो, असे न्यायालयाने त्यात मान्य केले. ज्या मालकाने घराचे बांधकाम ठेकेदारावर सोपविले आहे, त्याची सदोष सेवेबद्दलची तक्रार ग्राहक मंचापुढे चालू शकते, हेही या निकालात नमूद आहे.

उचल : तंट्याचे मूळ

ठेकेदाराविषयीच्या तक्रारींत साहित्य, मुदत, वर्तन असे अनेक मुद्दे असले तरी त्यांच्या मुळाशी बहुधा एकच गोष्ट आढळते. दिलेला पैसा झालेल्या कामाच्या पुढे गेलेला असतो. ही स्थिती आली की काम पुढे रेटण्याचे ठेकेदाराचे कारण संपते आणि मालकाच्या हातातील एकमेव साधनही जाते.

हे उदाहरणाने स्पष्ट करता येईल. समजा, घराचा ठेका २० लाख रुपयांचा आहे. स्लॅब पडेपर्यंत ठेकेदाराने १२ लाख रुपये उचलले, पण मोजमापाप्रमाणे झालेले काम ८ लाखांचेच आहे. याच टप्प्यावर त्याने काम सोडले आणि उरलेल्या कामासाठी नवा ठेकेदार १४ लाख मागतो. मालकाला घर २६ लाखांना पडते, म्हणजे नुकसान ६ लाखांचे होते. आता दुसरी शक्यता पाहू. मालकाने मोजमापानंतरच पैसे दिले आणि प्रत्येक देयकातून ५ टक्के रक्कम राखून ठेवली, तर त्याच टप्प्यावर त्याने ७ लाख ६० हजार रुपये दिलेले असतील. घर २१ लाख ६० हजारांत पूर्ण होईल आणि नुकसान १ लाख ६० हजारांवर थांबेल. ठेकेदार तोच, त्याचे वर्तनही तेच, बदलली ती केवळ पैसे देण्याची रीत.

हे तत्त्व केवळ खासगी घरापुरते मर्यादित नाही. जळगाव नगरपालिकेची घरकुल योजना याच प्रदेशातील बोलके उदाहरण होय. १९९०च्या दशकात हाती घेतलेल्या या योजनेत ठेकेदार संस्थेला मोठी रक्कम बिनव्याजी उचल म्हणून देण्यात आली आणि अनेक घरे अपूर्ण राहिली, हा आरोपाचा एक मुख्य भाग होता. २००६ मध्ये गुन्हा नोंदविला गेला. धुळे येथील विशेष न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१९ रोजी ४८ जणांना दोषी ठरविले आणि त्याविरुद्ध उच्च न्यायालयात अपिले दाखल झाली. अभियंते, लेखापाल आणि ठराव यांची यंत्रणा असलेल्या संस्थेच्या बाबतीत असे प्रकरण उभे राहू शकते, तर एकट्या घरमालकाने उचलीविषयी किती सावध असावे, हे सांगणे नलगे.

करारनाम्यात काय असावे :

तोंडी करारही कायद्याने वैध असू शकतो, परंतु तो सिद्ध करणे कठीण असते. म्हणून योग्य मूल्याच्या मुद्रांकावर लेखी करार करावा. वास्तुविशारदाचे नकाशे, संरचना अभियंत्याचे लोखंडाचे तपशील आणि साहित्याची सविस्तर यादी त्यास जोडावी. पुढील बाबींकडे विशेष लक्ष द्यावे.

१) पाया : तापी, गिरणा व पांझरा यांच्या खोऱ्यांत अनेक ठिकाणी काळी माती आहे. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पाया या थराखालील मुरूम वा कठीण भूस्तरापर्यंत नेला नाही, तर भिंतींना तडे जाण्याचा धोका असतो. खोली वाढली की खर्च वाढतो आणि पहिला वाद बहुधा येथेच होतो. ठेक्याच्या दरात किती खोलीपर्यंतचा पाया धरला आहे आणि त्याखालील जादा खोदाई, भराव व काँक्रीट यांचा दर काय, हे आधीच लिहून घ्यावे. भूखंडावर चाचणी-खड्डा घेऊन भूस्तर पाहिल्यास अंदाज अधिक नेमका येतो.

२) काँक्रीट : भारतीय मानक ४५६ : २००० नुसार सळईयुक्त काँक्रीट किमान एम-२० दर्जाचे असावे लागते. १५ सेंटिमीटरच्या ठोकळ्यांची २८ दिवसांनंतर दाबचाचणी घेऊन हा दर्जा तपासतात. याच मानकानुसार साध्या पोर्टलँड सिमेंटच्या काँक्रीटवर किमान ७ दिवस पाणी मारणे आवश्यक असून कोरड्या व उष्ण हवामानात हा काळ १० दिवसांपेक्षा कमी असू नये. खानदेशातील एप्रिल-मेच्या उन्हात या तरतुदीचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. पाणी कोणी पुरवावयाचे आणि ते मारण्याची जबाबदारी कोणाची, हेही करारात असावे.

३) देयकाचे टप्पे : जोते, लिंटेल, स्लॅब, विटकाम, गिलावा, फरशी असे टप्पे पाडून प्रत्येक टप्प्याच्या मोजमापानंतरच रक्कम द्यावी. मोजमाप ठेकेदाराशी संबंध नसलेल्या अभियंत्याने करावे. त्याचे शुल्क हा अनाठायी खर्च नव्हे. सुरुवातीस साहित्यासाठी उचल देणे अपरिहार्य असल्यास ती लहान असावी आणि पहिल्याच देयकातून वळती करावी. सर्व रकमा बँकेमार्फत द्याव्यात.

४) राखीव रक्कम : प्रत्येक देयकातून ठरावीक टक्के रक्कम राखून ठेवावी. तिचा काही भाग काम पूर्ण झाल्यावर आणि उर्वरित भाग एक पावसाळा गेल्यानंतर द्यावा. गळती आणि ओल यांची खरी परीक्षा पावसाळ्यातच होते.

५) जादा काम : करारापलीकडील कोणतेही काम दर व मुदत लिहून, दोघांच्या सह्या झाल्यानंतरच सुरू करावे.

६) परवानगी : मंजूर नकाशाबाहेर बांधकाम ठेकेदाराने केले असले तरी महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ खालील नोटिशीस मालकालाच सामोरे जावे लागते. म्हणून मंजूर नकाशाची प्रत कामावर ठेवणे ठेकेदारावर बंधनकारक करावे.

विलंब आणि नोटीस :

प्रत्येक विलंब अप्रामाणिकपणातून होतो असे मानणे अन्यायाचे ठरेल. सातपुड्यातील पावरा व भिल्ल मजूर होळीपूर्वीच्या भोंगऱ्या बाजारासाठी गावी जातात. आखाजीच्या सुमारासही कामे मंदावतात. दुसरीकडे, आखाजीचा मुहूर्त गृहप्रवेशासाठी धरला की शेवटची कामे घाईने उरकली जातात. वेळापत्रक आखतानाच हे दिवस गृहीत धरावेत. नकाशात वारंवार बदल करणारा किंवा पैसे थकविणारा मालकही विलंबास कारणीभूत ठरतो. करार अधिनियमाच्या कलम ६७ मधील उदाहरण घरदुरुस्तीचेच आहे. दुरुस्ती कोठे हवी ते मालकाने दाखविलेच नाही, तर काम न झाल्याचा दोष कारागिरावर येत नाही.

मात्र विलंब खरोखर ठेकेदाराचा असेल, तेव्हा कलम ५५ ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. वेळ हा कराराचा गाभा असताना मालकाने उशिरा झालेले काम स्वीकारले आणि स्वीकारताना भरपाई मागण्याचा इरादा कळविला नाही, तर त्या विलंबाची भरपाई त्याला मागता येत नाही. भिडेखातर बाळगलेले मौन अशा रीतीने हक्कावर पाणी सोडते. म्हणून मुदत टळताच भरपाईचा हक्क राखून ठेवणारे पत्र पोचदेय डाकेने पाठवावे. विलंबासाठी दंडाची रक्कम ठरविली असली तरी कलम ७४ नुसार न्यायालय त्या मर्यादेत वाजवी भरपाईच देते, हेही लक्षात घ्यावे.

काम सोडल्यास करावयाची कार्यवाही :

ठेकेदाराने काम सोडले की दुसरा ठेकेदार तातडीने लावण्याचा मोह होतो. परंतु नवे काम सुरू झाले की जुन्या कामाचा पुरावा झाकला जातो. म्हणून प्रथम लेखी नोटीस देऊन संयुक्त मोजमापासाठी दिवस कळवावा. ठेकेदार न आल्यास अभियंत्याकडून साक्षीदारांसमक्ष मोजमाप, छायाचित्रे आणि दोषांचा अहवाल तयार करून घ्यावा. त्यानंतर मात्र काम विनाकारण थांबवून ठेवू नये. कलम ७३ नुसार नुकसानीचा हिशेब करताना, ते कमी करण्याची कोणती साधने मालकाच्या हाती होती, याचाही विचार होतो.

तडजोड न झाल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. जळगाव व धुळे या दोन्ही ठिकाणी असे आयोग आहेत. सेवेसाठी दिलेला मोबदला ५० लाख रुपयांपर्यंत असल्यास प्रकरण जिल्हा आयोगाकडे चालते आणि ही मर्यादा डिसेंबर २०२१ च्या नियमांनी ठरलेली आहे. तक्रारदार जेथे राहतो तेथेही तक्रार दाखल करता येत असल्याने ठेकेदार अन्य जिल्ह्यातील असला तरी अडचण येत नाही. तक्रारीस कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. ‘करतो, करतो’ या आश्वासनांत ती निघून जाऊ देऊ नये.

पोलिसांत फसवणुकीची तक्रार करणे हा पुष्कळांना जवळचा मार्ग वाटतो. १ जुलै २०२४ पासून फसवणुकीचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली येतो. तथापि केवळ करारभंग म्हणजे फसवणूक नव्हे. आरंभापासूनच अप्रामाणिक हेतू होता हे दाखवावे लागते, अशी सर्वोच्च न्यायालयाची भूमिका आहे. काही काम करून नंतर ते सोडणाऱ्या ठेकेदाराबाबत हे दाखविणे सहसा अवघड जाते.

निष्कर्ष :

ठेकेदाराची विश्वासार्हता आधी पारखता येते, पण तिची हमी देता येत नाही. त्याची मागील कामे पाहावीत, विशेषतः ज्या घरांवरून दोन-तीन पावसाळे गेले आहेत ती पाहावीत आणि तेथील मालकांशी बोलावे. तरीही मालकाचे खरे संरक्षण माणसाच्या पारखेपेक्षा व्यवहाराच्या रचनेत आहे. कायद्याचे उपाय नुकसान झाल्यानंतरचे आहेत आणि तेही कागद व मोजमाप हाती असेल तरच परिणामकारक ठरतात. लेखी तपशील, त्रयस्थ मोजमाप, कामामागून जाणारा पैसा आणि वेळेवर दिलेली नोटीस या चार गोष्टी प्रामाणिक ठेकेदारालाही हितकारकच आहेत, कारण त्यामुळे त्याचे देयक वादातीत होते.

महाविद्यालयीन स्तरावर वाणिज्य, विधी आणि स्थापत्य हे विषय स्वतंत्रपणे शिकविले जातात, घर बांधणाऱ्या माणसापुढे मात्र ते एकाच वेळी उभे राहतात. या विषयांच्या विभागांनी एकत्र येऊन मराठीतील नमुना करारनामा, मोजमाप नोंदवहीचा तक्ता आणि मालकांसाठी मार्गदर्शन वर्ग तयार केल्यास महाविद्यालयातील ज्ञान परिसराच्या थेट उपयोगी पडेल.