नऊ दिवस सुटते, मग पुढे का नाही?

कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरला चालत निघालेली माणसे आपल्या तामलवाडीवरूनच पुढे जातात. त्यांच्यात एरवी रोज पिणारेही असतात. नवरात्र बसले की ते पायात चप्पल घालत नाहीत, दाढी करत नाहीत, बाटलीला हात लावत नाहीत. पौर्णिमा झाली की आठवड्यात पुन्हा तेच. मग बचत गटाच्या बैठकीत कोणीतरी म्हणतेच, "आईसाठी सोडता येते, मग लेकरांसाठी का नाही?"

प्रश्न रास्त आहे. पण 'आमची किंमतच नाही' एवढेच त्याचे उत्तर नाही.

आधी म्हशीचे बघू. धारेची बादली वाजली की म्हैस पान्हा सोडते. बादली आणि धार यांची तिच्या मनात गाठ बसलेली असते. तीच म्हैस विकली आणि नव्या गोठ्यात बांधली, तर बादली वाजवा, पेंड ठेवा, ती पान्हा चोरते. खूण तीच, पण भोवतालचे सगळे बदलले. म्हणजे गाठ नुसत्या खुणेशी नसते, जागेशीही असते.

दारूचे असेच आहे. संध्याकाळची वेळ, खिशात हजेरीचे पैसे, फाट्यावरचा धाबा आणि ठरलेला जोडीदार. तोच जोडीदार दुपारी रानात भेटला तर दोघे पावसापाण्याचे बोलतात. सात वाजता फाट्यावर दिसला की घशाला कोरड पडते. माणूस एकच, पण त्याला बघून काय आठवायचे ते जागा आणि वेळ ठरवतात.

१९७९ साली अमेरिकेत मार्क बाउटन आणि रॉबर्ट बोल्स यांनी उंदरांवर एक प्रयोग केला. एका पिंजऱ्यात आवाज करायचा आणि विजेचा हलका झटका द्यायचा. उंदीर आवाजाला भिऊ लागले. मग त्यांना वेगळ्याच पिंजऱ्यात ठेवून नुसता आवाज ऐकवला, झटका नाही. हळूहळू भीती गेली. पण पुन्हा पहिल्या पिंजऱ्यात आणून आवाज केला, तर भीती परत हजर! जुने शिकलेले पुसले गेलेच नव्हते. नवे शिकणे त्यावर आले होते, पण ते दुसऱ्या पिंजऱ्यापुरते.

नवरात्र हा असाच दुसरा पिंजरा. देवीच्या बाबतीत हा शब्द बरा दिसत नाही, पण समजून घ्या. अनवाणी पाय, घरात घट, सोबतीला न पिणारी माणसे. त्या दिवसांत 'मी पीत नाही' हे तो खरोखर शिकतो. पायात चप्पल आली की त्या शिकण्याची खूण जाते.

हे उलटही घडते. व्हिएतनामच्या युद्धात बऱ्याच अमेरिकन सैनिकांना हेरॉइनचे व्यसन लागले होते. ली रॉबिन्स या बाईंनी मायदेशी परतलेल्यांचा अभ्यास केला. व्यसनी झालेल्यांपैकी पहिल्या वर्षात पुन्हा अडकलेले शंभरात पाचच्या आसपास निघाले. त्यांची व्यसनाची जागा मागे राहिली होती. आपला माणूस मात्र केंद्रात सुधारतो आणि परत त्याच फाट्यावर उतरतो.

म्हणून केंद्रातून घरी आल्यावरचे पहिले काही महिने सगळ्यात नाजूक. पुण्याचे मुक्तांगण १९८६ पासून हे काम करते. तिथेही उपचार संपल्यावर पाठपुराव्याच्या बैठकांना येत राहा असा आग्रह असतो. त्या चुकवू देऊ नका. सुरुवातीला फाट्याची वाटच टाळावी, हजेरी थेट बँकेत जमा व्हावी, बाजारच्या दिवशी सोबत न पिणारा भाऊ किंवा मित्र असावा. संध्याकाळी सातला त्याच्या हाताला दुसरे काही काम हवे; नुसते 'पिऊ नका' म्हटल्याने तो तास भरत नाही. पुढे जम बसल्यावर सोबतीने त्याच रस्त्याने जावे, न पिता परत यावे, पुन्हा पुन्हा. कारण न पिण्याची गाठ इथेच बसायला हवी, पुण्यात बसलेली इथे पुरत नाही. गावातले दुकान बंद व्हावे म्हणून आडव्या बाटलीला मत देणाऱ्या बायकाही हेच करतात, खूणच वाटेतून काढून टाकतात.

एक मात्र स्पष्ट सांगते. जागेमुळे ओढ येते, हात उगारण्याचे ते कारण होत नाही. मारहाण होत असेल तर १८१ वर फोन करा. त्याच्या पिण्याचा दोष तुमच्या स्वयंपाकात, बोलण्यात शोधू नका.

आणि रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम बंद करणे धोक्याचे असते. हात थरथरणे, भास होणे, झटके येणे असे काही दिसले तर नवस-अंगाऱ्याची वाट न बघता त्याला लगेच दवाखान्यात न्या. व्यसनमुक्तीच्या माहितीसाठी १४४४६ हा सरकारी नंबर आहे, त्याला पैसे पडत नाहीत.