वळताना कटकट वाजतंय?

मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये आली आणि पुढच्या चाकांनी ओढणारी गाडी हळूहळू गावोगाव पोचली. त्याआधीच्या ॲम्बॅसडर, पद्मिनी मागच्या चाकांवर चालत. पुढच्या चाकाला ओढायचंही असतं, वळायचंही आणि खड्ड्यात खालीवरही व्हायचं. म्हणून एक्सलच्या दोन्ही टोकांना सीव्ही जॉइंट. त्यावरचा रबरी बूट फाटला की ग्रीस बाहेर, धूळ आत. माढा तालुक्यात गाळपाच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागून शेतरस्त्याने जाणाऱ्यांनी अधूनमधून वाकून बूट पाहावा. नुसता बूट वेळीच बदलला तर एक्सल वाचतो.

पूर्ण वळणावर कटकट वाजली तर बाहेरचा जॉइंट. वेग घेताना गाडी थरथरली तर संशय आतल्यावर.

घरीच एक्सल बदलायचा तर हबचा नट चाक जमिनीवर असतानाच सैल करा. तो भलताच घट्ट असतो. जॅकवर उचललेल्या गाडीशी झटापट नको. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरणं हा शुद्ध मूर्खपणा, घोडी लावाच. एक्सल निघताना गिअरबॉक्सचं तेल गळतं, खाली घमेलं ठेवा. मधला दांडा हिसडलात तर आतला जॉइंट सुटतो. गिअरबॉक्सपाशी, ऑइल सील सांभाळून, हलकेच उचका. बसवताना हबचा नट नवाच घ्या आणि टॉर्क रेंचने मॅन्युअलमधल्या आकड्याइतकाच आवळा. शेवटी गळालेलं तेल भरा. ते विसरलात तर गिअरबॉक्स जाईल, आणि तो खर्च एक्सलच्या कितीतरी पट.