सेवेची ओढ चांगली, कर्ज कशाला?

घोलवडच्या आमच्या वस्तीतील अकरावीच्या एका मुलीने हट्ट धरला आहे. परदेशात गोरगरिबांच्या सेवेला जाणाऱ्या तुकडीत तिला जायचे आहे. त्यासाठी मोठी रक्कम भरायची आहे. वडील चिकूच्या वाडीत मजुरीला; तरी ते कर्ज काढायला निघाले. त्यांना आम्ही थांबविले.

मुलीची ओढ खोटी नाही. सारनाथला ६० भिक्खूंना तथागतांनी बहुजनांच्या हितासाठी चारी दिशांना धाडले. पण ते आधी धम्मात सिद्ध झाले होते. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनला गेले, तेही वैद्यकीय पदवी घेऊन. जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करीत १९४२ मध्ये, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, ते तेथेच वारले. त्यांच्या हातात विद्या होती, म्हणून त्यांची सेवा कामी आली.

संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक योजनेत किमान वय १८ आहे. तेथे निवड होऊन गेलेल्याला निर्वाहभत्ता मिळतो. मग सेवेसाठी मजुराने कर्ज का काढावे? पैसे मागणाऱ्याला पालकांनी हिशेब विचारावा, तोही लेखी.

मुलीला मात्र रागावू नका. बारावीनंतर तिला परिचारिकेचे शिक्षण द्या, इंग्रजी पक्के करून घ्या. तोवर रविवारी विहारात तिने लहानग्यांना शिकवावे. जवळच्याच कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी आयुष्य वेचले. सेवेची पहिली शाळा आपल्या दारातच आहे.

पासपोर्ट पुढे निघेलच. आधी शिका!

जय भीम!