परक्या शहरात प्रार्थनेचा शेजार

दिल्लीला बदली झाली की घर, शाळा आणि गॅस यांची सोय महिन्याभरात लागते. माणसे मिळायला मात्र वर्ष जाते. पती सकाळीच मेट्रो पकडतात, मुले शाळेत जातात आणि अठराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये एकट्या राहिलेल्या गृहिणीला घर खायला उठते. वसई, जालना किंवा अहिल्यानगरहून आलेल्या ख्रिस्ती कुटुंबाला तर आणखी एक उणीव जाणवते. गावाकडे दर आठवड्याला कुणाच्या ना कुणाच्या घरी प्रार्थना असायची. इथे कुणाचे दार ठोठवावे?

चर्च सापडते, गट सापडत नाही

दिल्लीत चर्चची उणीव नाही. काश्मिरी गेटचे सेंट जेम्स चर्च १८३६ पासून उभे आहे. गोल डाकखान्याजवळचे सेक्रेड हार्ट कॅथेड्रल तर कुणीही दाखवील. परंतु राजधानी परिसर आता दिल्ली, हरियाणा, उत्तर प्रदेश आणि राजस्थान मिळून ५५ हजार चौरस किलोमीटरपर्यंत पसरला आहे. त्यात ख्रिस्ती वस्ती विरळ. २०११ च्या जनगणनेत दिल्लीतील ख्रिस्ती लोकसंख्या सुमारे १ लाख ४६ हजार, म्हणजे शेकडा एकाहूनही कमी होती. साहजिकच शेजारच्या इमारतीतच एखादे ख्रिस्ती कुटुंब राहत असले, तरी त्याचा पत्ता लागत नाही.

रविवारच्या गर्दीत ओळख होते, पण ती हसण्यापुरतीच. आजारपणात डबा घेऊन येतात ती छोट्या गटातली माणसे. ही पद्धत जुनी आहे. इंग्लंडमध्ये जॉन वेस्ली यांच्या अनुयायांनी १७४२ मध्ये ब्रिस्टल येथे सभागृहाचे कर्ज फेडण्यासाठी बाराबारा जणांचे गट केले. गटप्रमुख दर आठवड्याला घरोघरी एक पेनी गोळा करायला जाई. तेव्हा त्याला लोकांची सुखदुःखे कळू लागली. पुढे कर्ज मागे पडले आणि गट राहिले.

फोनवरचा शोध

करोनाच्या साथीत, मार्च २०२० नंतर चर्चची दारे बंद झाली, तेव्हा प्रार्थना फोनच्या पडद्यावर आली. तेव्हापासून गट शोधण्यासाठीही फोनचा वापर वाढला आहे. चर्चच्या संकेतस्थळावर साधा फॉर्म ठेवता येतो. राहण्याचा भाग, जवळचे मेट्रो स्टेशन, भाषा, सोयीचा वार आणि मुलांची वये एवढी माहिती पुरेशी असते. ती पाहून कार्यालय जवळच्या गटप्रमुखाला कळवते.

फॉर्म भरताना भाषेचा रकाना रिकामा सोडू नका. गुरुग्रामच्या गटात इंग्रजी, हिंदी किंवा मल्याळम असेल, पण मन मोकळे करायला मातृभाषाच लागते. रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजने गाणारी चारदोन मराठी घरे परिसरात असतील, तर महिन्यातून एकदा वेगळे जमता येईल.

पत्ता उघड का नसतो?

गटाचा पूर्ण पत्ता संकेतस्थळावर नसेल, तर गैर मानू नका. तिथे कुणाचे तरी घर असते. शिवाय उत्तर प्रदेशात २०२१ मध्ये आणि हरियाणात २०२२ मध्ये धर्मांतरविरोधी कायदे झाले. नॉयडा व गाझियाबाद पहिल्या राज्यात येतात, गुरुग्राम व फरिदाबाद दुसऱ्या. घरात प्रार्थना करण्यास या कायद्यांची मनाई नाही. तरीही घरगुती प्रार्थनेवर संशय घेऊन जमाव दाराशी आल्याच्या घटना देशात घडल्या आहेत. म्हणून जाहीर पानावर फक्त मेट्रो स्टेशनचे नाव द्यावे आणि घराचा पत्ता फोनवर बोलणे झाल्यावरच सांगावा, हे शहाणपणाचे.

नव्या सदस्याचा नंबर त्याला न विचारता व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये टाकू नये. नाव, धर्म आणि घर या तिन्ही गोष्टी एकाच यादीत असतील, तर ती यादी दोघातिघांच्याच हाती असावी.

थोडी सावधगिरी

फोनवर सापडलेला प्रत्येक गट चांगलाच असेल असे नाही. आधी चर्चच्या कार्यालयात फोन करून गट त्यांचाच आहे याची खात्री करा. पहिल्यांदा जोडीनेच जा. पहिल्याच भेटीत पैसे मागणारा, औषधे बंद करायला सांगणारा किंवा घरच्यांपासून तोडू पाहणारा गट असेल, तर पुन्हा पाऊल ठेवू नका. एका भेटीत मत बनवू नका, तीनचारदा जाऊन पाहा.

चर्चनेही एक पथ्य पाळायला हवे. फॉर्म भरणाऱ्याला दोन दिवसांत फोन गेला पाहिजे. धीर करून नाव कळवणारी स्त्री तीन आठवडे वाट पाहत राहिली, तर ती पुन्हा कुणालाही विचारणार नाही. फॉर्म यंत्र घेईल, पण तो फोन एखाद्या गृहिणीनेच करावा. भाजी कुठे चांगली मिळते आणि मुलांचा डॉक्टर कोण, हेही ती त्याच बोलण्यात सांगून टाकील. मग येत्या शुक्रवारी चहाला जाणे अवघड वाटणार नाही.