मोकळा माणूस

१९८६ चा विश्वचषक दूरदर्शनवर जागून पाहिलेल्या कुणालाही विचारा, मॅराडोनाचा १० क्रमांक झोपेतही आठवेल. अर्जेंटिनाची ६ क्रमांकाची जर्सी कुणाची होती, हे मात्र सांगता येणार नाही. त्यात त्यांचा काही दोष नाही, कारण ती जर्सी त्या स्पर्धेत एकदाही मैदानात उतरली नाही. गंमत म्हणजे त्या संघाचे क्रमांक आडनावांच्या वर्णानुक्रमाने दिले होते, इतके काटेकोर की गोलरक्षक पुम्पिदोच्या पाठीवर १८ होता. अपवाद फक्त तिघांचा : मॅराडोना, वाल्दानो आणि ६ क्रमांकाचा दानिएल पासारेला.

२५ मे १९५३ रोजी ब्युनोस आयर्स प्रांतातल्या चाकाबुको गावात जन्मलेला हा बचावपटू. उंची जेमतेम १.७३ मीटर, म्हणजे आपल्याकडच्या लोकलच्या गर्दीत सहज हरवेल अशी. त्याच्या नावापुढे आकडा छापला जातो तो असा : लीगमधले ४५१ सामने, १३४ गोल. ज्याचे काम गोल अडवायचे, त्याने इतके केले! पुढे हॉलंडच्या रोनाल्ड कूमानने हा विक्रम मोडला, पण तोवर जगात असा बचावपटू दुसरा नव्हता.

हे जमले कसे? पेनल्टी आणि फ्री किक तो घ्यायचा, डावा पाय जबरदस्त होता, उडीची वेळ अशी अचूक की वीतभर उंच गड्यांच्या डोक्यावरून तो चेंडू टिपायचा. पण खरी मेख त्याच्या जागेत आहे.

त्या काळी बचाव म्हणजे माणूस राखणे. तुझा हा, माझा तो. तो पाणी प्यायला गेला तरी सावलीसारखे मागे राहायचे. या राखणदारांच्या मागे एक जण मात्र सुटा ठेवलेला असे. कुणी निसटला तर त्याला गाठायचे, फट दिसली की बुजवायची. त्याला म्हणत लिबेरो, म्हणजे मोकळा. आता गणित उलटे करून पाहा. जो कुणालाच राखत नाही, त्याला राखायला तरी कोण येणार? लिबेरो चेंडू घेऊन पुढे धावला की प्रतिस्पर्ध्यांची पंचाईत होई : प्रत्येकाला आपापला माणूस नेमून दिलेला, आणि हा कुणाच्याच यादीत नाही. जर्मनीच्या बेकेनबाउअरने ही वाट ऐटीत चालून दाखवली होती. पासारेला तीच वाट दात-ओठ खात तुडवत गेला. १९८५-८६ च्या हंगामात फिओरेन्तिनासाठी त्याने इटलीच्या लीगमध्ये ११ गोल केले, तेही बचावासाठी कुप्रसिद्ध असलेल्या त्या लीगमध्ये.

त्याआधी २५ जून १९७८ ची दुपार. रिव्हर प्लेट या त्याच्या क्लबचे मोनुमेंताल मैदान, कागदाच्या कपट्यांचा पाऊस, हॉलंडवर जादा वेळेत ३-१ असा विजय. विश्वचषक उचलणारा पहिला अर्जेंटिनी कर्णधार तो पासारेलाच. सत्तेवर लष्करशहा होते आणि मैदानापासून फार दूर नसलेल्या नौदलाच्या शाळेत माणसांचा छळ चालला होता, हे वाक्य त्या चित्राला जोडल्याशिवाय पुढे जाववत नाही.

त्याच मैदानावर ३० जून १९८५ रोजी अर्जेंटिनाला पेरूशी निदान बरोबरी हवी होती, नाहीतर मेक्सिकोत होणाऱ्या १९८६ च्या विश्वचषकाची वाट अवघड होती. पेरू २-१ ने पुढे, शेवटची काही मिनिटे उरलेली. पासारेला बचावाची जागा सोडून थेट पेरूच्या गोलापाशी घुसला, चेंडू मारला आणि गोलरेषेजवळ रिकार्डो गारेकाने त्याला अखेरचा धक्का दिला. दोन-दोन! मग नियतीने काय करावे? गारेकाची विश्वचषकाच्या संघात निवडच झाली नाही. (त्यानेच पुढे प्रशिक्षक होऊन पेरूला २०१८ च्या विश्वचषकात नेले. एवढी उलटापालट कुणी कथेत लिहिली असती तर संपादकाने खोडली असती.)

पासारेला मेक्सिकोला गेला, पण पोटाच्या आजाराने आडवा झाला. कर्णधारपद तर प्रशिक्षक बिलार्दो यांनी आधीच मॅराडोनाला दिले होते, त्यावरून पासारेला आणि मॅराडोना यांच्यात सख्य नव्हते. मोकळ्या माणसाची जागाच मोकळी पडली. तिथे आला होसे लुइस ब्राउन. त्याच्याकडे त्या वेळी क्लबसुद्धा नव्हता.

२९ जून, अझ्टेका मैदान, पश्चिम जर्मनीविरुद्ध अंतिम सामना. २३ व्या मिनिटाला बुरुचागाने उजवीकडून फ्री किक मारली. गोलरक्षक शूमाखर पुढे धावला, चेंडू त्याच्या हाती लागला नाही, आणि मागून आलेल्या ब्राउनने डोक्याने तो रिकाम्या जाळ्यात ढकलला. बचावातून पुढे आलेला लिबेरो, फ्री किक, हेडर : गोल अगदी पासारेलाच्या घडणीचा होता, फक्त माणूस दुसरा. अर्जेंटिनासाठी ब्राउनने केलेला हा एकमेव गोल.

अर्जेंटिना ३-२ ने जिंकली आणि १९७८ आणि १९८६ च्या दोन्ही विजेत्या संघांत नाव असलेला एकमेव अर्जेंटिनी ठरला पासारेला, दुसऱ्या पदकासाठी एक मिनिटही न खेळता. ब्राउनचा खांदा उत्तरार्धात दुखावला होता. बाहेर जायला तो तयार नव्हता. त्याने दातांनी जर्सीला भोक पाडले, त्यात बोट अडकवून हात छातीशी धरला आणि तसाच शेवटपर्यंत खेळला.