दुःख, छातीतली कळ आणि 'म्हणून'

सकाळी नवरा गेला आणि संध्याकाळी बाईंच्या छातीत कळ आली, तर घरातले काय म्हणतात? "धक्का बसलाय, जरा पडू द्या त्यांना." आज आपण या बोलण्यात दडलेला 'म्हणून' तपासू. दुःख आधी, कळ नंतर. म्हणून कळ दुःखाचीच, असं ठरतं का?

धक्क्यानं हृदय खरोखर बिघडतं, हे आधी मान्य करू. १९९० साली जपानमध्ये हिकारू सातो आणि सहकाऱ्यांनी या आजाराला 'ताकोत्सुबो' म्हटलं. ताकोत्सुबो म्हणजे ऑक्टोपस पकडायचं मडकं. गळा अरुंद, बूड फुगीर. हृदयाचा डावा खालचा कप्पा, म्हणजे डावी जवनिका, टोकाशी आकुंचन पावेनाशी होते आणि तशीच दिसू लागते. ताणात उसळणारी अ‍ॅड्रेनॅलिनसारखी द्रव्यं याला कारण मानली जातात.

अडचण अशी, की सुरुवातीचा ईसीजी बहुधा हार्ट अटॅकसारखाच असतो. एसटी भाग उचललेला. रक्तात ट्रोपोनिनही वाढलेलं. मग फरक कळतो कुठे? इकोमध्ये बिघडलेला भाग सहसा एका रक्तवाहिनीच्या हद्दीत मावत नाही. अँजिओग्राफीत त्या बिघाडाचा हिशेब लागेल असा अडथळा सापडत नाही. मात्र रक्तवाहिन्यांचा जुना आजार सोबत असू शकतो, हेही २०१८चे आंतरराष्ट्रीय निकष सांगतात.

पुढच्या एक-दोन दिवसांत ईसीजीतल्या टी लहरी उलट्या होतात, क्यूटी अंतर लांबतं. ते फार लांबलं, तर जवनिका अतिवेगानं, बेताल धडधडण्याचा धोका असतो. म्हणून रुग्णाला मॉनिटरवर ठेवतात आणि क्यूटी वाढवणारी औषधं टाळतात. बहुतेकांचं हृदय काही आठवड्यांत पूर्ववत आकुंचन पावू लागतं. गंमत पाहा, निदानाचा शेवटचा पुरावा बरं झाल्यावर हाती येतो!

२०१५ साली १७५० रुग्णांची आंतरराष्ट्रीय नोंद प्रसिद्ध झाली. त्यात सुमारे नव्वद टक्के स्त्रिया होत्या, बहुतेक पन्नाशीपुढच्या. भावनिक धक्का साधारण २८ टक्क्यांत आढळला. जवळपास तितक्याच जणांत कसलंच कारण सापडलं नाही. म्हणजे धक्का नसताना हा आजार होतो आणि धक्का असताना साधा हार्ट अटॅकही येतो. आपला 'म्हणून' इथे गळून पडतो.

दुःख ही रुग्णाची हकिगत आहे, निदान नव्हे. ती डॉक्टरांना जरूर सांगावी, पण दवाखान्यात पोचल्यावर. घरी बसून तिचा निकाल लावू नये.